अकरा दिवसांचा बहिरा

मी टेंभरझरीच्या जंगल खात्याच्या कचेरीतला रिसिव्हर बोलतोय. खरं तर बोलणं हा माझा धंदाच नाही. वायरलेस सेटच्या लोखंडी पेटीत आम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी बसतो. ट्रान्समीटर बोलतो, मी ऐकतो. तो तापतो, पंचवीस वॅटचा रुबाब करतो, आणि लोक त्याचीच तारीफ करतात. ऐकणाऱ्याचं कौतुक करायची माणसांत पद्धत नाही. म्हणून आज भावाला चूप बसवून मीच तोंड उघडलंय.

तीस एक वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मी म्हणजे एक कप्पा. दोन स्क्रू सैल केले की पेटीतून ओढून बाहेर काढता येतो, दुसऱ्या पेटीत बसवताही येतो. माझ्यात ओळीनं पाच कॉइल आहेत. प्रत्येकीच्या पोटात पेन्सिलीच्या तुकड्याएवढा गाभा, त्याच्या डोक्यावर खाच. हा गाभा केसभर वर-खाली केला की माझा कान जुळतो, नाहीतर बिघडतो. कारखान्यातल्या बायांनी माझे पाचही कान जुळवले, वर मेणाचा थेंब टाकून ते पक्के केले आणि पाठीवर गुणपत्रिका चिकटवली.

त्या गुणपत्रिकेचा मला फार गर्व आहे. आजही अर्धी शिल्लक आहे. तिच्यावर लिहिलंय, पाव मायक्रोव्होल्ट. एका व्होल्टचे दहा लाख तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा चार करा आणि त्यातला एक माझ्या कानात टाका. तेवढ्यावर मी माणूस ओळखतो. शेजारच्या चॅनलवर बाजार भरला तरी माझ्या चॅनलवर त्याची कुजबुज येत नाही, असंही तिच्यात लिहिलंय. माणसांना अशी गुणपत्रिका का देत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

माझी पहिली नेमणूक सिरोंच्याला झाली. पावसाळाभर गोदावरीच्या पाण्याचे आकडे ऐकायचे. निम्मं बोलणं तेलुगूत चाले. मला भाषा येत नव्हती, पण आवाज चढला की पाणी चढलंय एवढं मी शिकलो. मग मोबाइल आले आणि आम्हा भावांना पेटीसकट कपाटात टाकलं. नऊ वर्षं वर फायलींचा ढीग आणि आत एक पाल. तिनं माझ्या तिसऱ्या कॉइलजवळ अंडी घातली. मी तिला काही बोललो नाही, तेवढीच सोबत.

पुढे इकडच्या जंगलात वाघ वाढले. जिथं वाघ तिथं पहारा हवा, आणि जिथं पहारा तिथं मोबाइलला रेंज नाही. मग आमची आठवण झाली. चंद्रपुराहून पत्रू नावाचा मेकॅनिक आला. त्यानं मला पुसलं, पालीचा संसार हलवला आणि माझे कान पुन्हा जुळवले. त्यासाठी तो लोखंडाला हात लावत नाही. वाळलेल्या बांबूची काडी चाकूनं तासून तिचं टोक खाचेत बसेल इतकं चपटं करतो आणि तिनं गाभा फिरवतो. मला गुदगुल्या होतात, पण काम चोख होतं.

अशा रीतीनं मी टेंभरझरीत लटारूच्या टेबलावर आलो. लटारू आमचा ऑपरेटर. पंचवीस वर्षं वायरलेसवर काढलेला, मिशा पांढऱ्या, आवाज भरदार. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, दोन वेळा तो जंगलातल्या प्रत्येक चौकीला हाक मारून हजेरी घेतो. मला हा कार्यक्रम भारी आवडायचा. कारण बटण दाबल्यावर माणूस जो असतो तोच बाहेर येतो. वनरक्षक धनराज आधी खाकरतो, मग विचार करतो, मग बटण सोडतो आणि त्याच्यानंतर बोलतो. बाकीचे आधी भाजी कोणती केली ते विचारतात आणि वाघाचं नंतर.

आणि इस्तारी? तो कुकुडदऱ्याच्या चौकीवर रोजंदारीवर पहारेकरी. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातला, बोलण्याची हौस दांडगी. पाणवठ्यावर सांबर आलं एवढंच सांगायचं असलं, तरी तो सांबराच्या आजोबापासून सुरुवात करी. लटारू कपाळाला हात लावी. मला मात्र मजा येई. कुकुडदरा खोलात आहे, तिथून येणारा आवाज सगळ्यांत बारीक, दुसऱ्या चौक्यांना तर तो पोचतच नाही. माझ्या गुणपत्रिकेचं खरं सोनं त्याच्या एकट्याच्या बोलण्यासाठी खर्च व्हायचं.

आता लटारूच्या हातून काय झालं ते सांगतो.

चैतातल्या एका दुपारी माझ्या आवाजात थोडी खरखर होती. उन्हानं सगळेच खरखरतात. पण लटारूला ती सहन होईना. पत्रू काडी फिरवतो आणि आवाज गोड होतो, हे त्यानं पाहिलं होतं. "बांबूच्या काडीनं एवढं होते," तो स्वतःशीच म्हणाला, "तं लोखंडानं डबल होईन." आणि त्यानं मोटरसायकलच्या डिक्कीतला स्क्रू फिरवायचा पेचकस आणला. मेण खरवडलं. एकेक गाभा फिरवून पाहिला. काय सांगू, पेचकस आत असेपर्यंत आवाज खरंच गोड झाला! लोखंड कॉइलच्या पोटात गेलं की तिचं मोजमापच बदलतं. लटारूनं त्या लोखंडासकट मला जुळवलं आणि मग लोखंड बाहेर काढून घेतलं. पाच वेळा. तेव्हाच मी बहिरा झालो.

पण मला ते कळलं नाही. बहिऱ्याला कुठं कळतं? त्याला वाटतं, जग शांत झालं. टेकडीवरच्या चौक्यांचे आवाज मोठे, ते यायचे. लटारू खूश होता, मी खूश होतो. फक्त इस्तारी उत्तर देईनासा झाला.

"कुकुडदरा, कुकुडदरा, टेंभरझरी बोलून राह्यलो. इस्तारी, हजर हाय का?"

काही नाही.

लटारूनं तीनदा हाक मारली आणि वहीत फुली मारली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना वाघाची शंका आली आणि धनराजला पाठवलं. तो जाऊन आला तर इस्तारी ठणठणीत, चुलीवर भात रटरटत होता. आपण रोज दोन्ही वेळा उत्तर देतो असं तो शपथेवर सांगत होता. धनराजनं त्याचा हातातला सेट स्वतःच्या सेटशी लावून पाहिला. आवाज साफ. परत येताना टेकडीवरून धनराज स्वतः टेंभरझरीशी बोलला. तोही आवाज आला. झालं, पुरावाच मिळाला.

"सेट चांगला, माणूस चांगला, मंग उत्तर काऊन देत नाई?" लटारू धनराजला विचारत होता, तेही चॅनलवर. "मोहाची पिऊन पडत असन, दुसरं काय!"

सगळ्या चौक्या हसल्या. आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो. मलाही वाटलं, झोपत असेल.

दहाव्या दिवशी रेंजर मॅडमनी वही पाहिली. मॅडम तरुण, नेमाच्या पक्क्या. त्यांनी सांगून टाकलं की, शनिवारच्या संध्याकाळच्या हजेरीला उत्तर आलं नाही तर इस्तारीचं नाव पहारेकऱ्यांच्या यादीतून कमी, चौकीवर दुसरा माणूस. दर शनिवारी चौक्यांना डाळ-तांदूळ घेऊन जीप जाते, तीच त्याला परत आणणार होती.

शुक्रवारी त्याची बायको कुंता कचेरीत आली. डोक्यावरची मासळीची टोपली दारात उतरवली आणि सरळ मॅडमच्या टेबलापाशी उभी राहिली. वासानं लटारू खिडकीकडे सरकला.

"मॅडम, माहा नवरा उत्तर देत नाई म्हनते हे लोकं?"

"अकरा दिवस झाले बाई. वही बघा हवी तर."

"वही नोका दाखवू मले. अकरा वर्षं झाली लग्नाले. अकरा मिनिटं चूप बसला नाई तो. झोपीत बोलते, जेवता जेवता बोलते, पाण्यात डुबकी मारून वर आला का आंधीचं बोलनं पुरं करते. त्याले बोलाचं बटन देल्लं तुमी, आन तो चूप बसन?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "डब्बा पाहा तुमचा."

लटारू तापला. "पंचवीस वर्षं झाली मले. सेटले काई झालं नाई."

"मंग तुमचे कान पाहा, भाऊ."

मॅडम हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि त्यांनी चंद्रपूरला पत्रूला फोन लावला. मला राग आला होता, ते सांगितलंच पाहिजे. पाव मायक्रोव्होल्टवाल्या माझ्यावर ही मासळीवाली बाई संशय घेते! रात्रभर मी गुणपत्रिका मनात घोकत होतो.

शनिवारी पत्रू आला तेव्हा तीन वाजून गेले होते. त्यानं मला पेटीतून ओढलं, तारा जोडल्या आणि आपल्या यंत्रातून बारीक बारीक आवाज सोडायला सुरुवात केली. एक मायक्रोव्होल्ट. मी गप्प. तीन. गप्प. सहा. गप्प. नवाला कुठं मी हूं केलं. लाजेनं मेल्यासारखं झालं. पाव ऐकणारा मी, नवावर आलो होतो!

पत्रूनं चष्मा कपाळावर चढवला. "मेन कोनं खरवडलं?"

मॅडमनी लटारूकडे पाहिलं. लटारूनं छताच्या पंख्याकडे पाहिलं. आजही येऊन दारात बसलेल्या कुंतानं तिघांकडे पाहिलं.

"उंदीर असन," लटारू म्हणाला.

"उंदराजवळ पेचकस होता," पत्रू म्हणाला. "खाचा पाहा, लोखंडानं चेचल्या." पुढे काही न विचारता त्यानं खिशातून बांबूची काडी काढली. पहिली कॉइल, दुसरी, पुन्हा पहिली, तिसरी, परत दुसरी. एकीला जुळवलं की शेजारीण रुसते, म्हणून मागे-पुढे फिरावं लागतं. दीड तास गेला. जीप अंगणात सुरू होऊन उभी होती. हळूहळू माझ्यात जंगल परत यायला लागलं. शेवटच्या मोजणीला मी नवावरून उतरून थेट तीन दशांशावर आलो, पावाच्या अगदी जवळ. "वयाच्या मानानं फाकडा हाय," पत्रू म्हणाला आणि मला पेटीत ढकललं.

पाच वाजून सात मिनिटं झाली होती. लटारू हाक मारायला माइक उचलणार, तेवढ्यात मीच बोललो. म्हणजे माझ्यातून इस्तारी बोलला. बारीक, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

"...हाक मारा नाईतं नोका मारू. आज बारावा दिवस. इस्तारी हजर हाय. पानवठ्यावर वाघीन येऊन गेली, सोबत दोन पिल्लं. लिवा नाईतं नोका लिवू. लटारूभाऊ, मोहाची पिऊन पडला म्हनले तुमी. म्या आयकलं. तुमचं सारंच आयकू येते मले. सारे हासले तेबी आयकू आलं. दारू मी तीन वर्षांआंधी सोडली, तुमाले मालूम हाय. पंचवीस वर्षं झाली तुमाले त्या डब्ब्यापाशी. बोलाचं काम चांगलं जमलं, भाऊ. आयकाचं राहूनच गेलं."

बाहेर जीपवाल्यानं इंजिन बंद केलं. आपलं कोणी ऐकत नाही याची इस्तारीला इतकी खात्री होती की, त्यानं बटण सोडलंच नव्हतं.

"आन कुंते, तू आफिसात भांडून गेली म्हने. लटारूभाऊ धनराजले सांगत होते. लय चांगलं वाटलं. तोंडावर म्या तुले असं काई कधी म्हनलं नाई, शरम वाटते. इथी कोनी आयकत नाई म्हनून सांगतो. संध्याकाळी लय आठवन येते तुही. झिंग्याच्या भाजीची पन येते, पन आंधी तुही."

कुंतानं पदर तोंडावर घेतला. रडत होती की हसत होती, पदराआड मला दिसलं नाही. दोन्हींचा आवाज सारखाच येत होता.

बटण सुटलं. मॅडम काही बोलणार होत्या, पण लटारूनं माइक उचलला. हा चॅनल सगळ्या चौक्या ऐकतात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"कुकुडदरा, टेंभरझरी. इस्तारी, मी लटारू." त्यानं बटण आणखी घट्ट दाबलं. "पेचकस म्या फिरवला. सेट म्या बिघडवला. तू रोज हजर होता. सारे आयका, तो रोज हजर होता."

मग घाबऱ्या आवाजात इस्तारीनं विचारलं, "भाऊ, तुमी कधीपासून आयकून राह्यले?"

"आजपासून," लटारू म्हणाला.

मॅडमनी वहीतल्या फुल्या एकेक करून खोडल्या आणि यादीतलं नाव जागेवर राहिलं. जीप कोणाला आणायला गेली नाही, डाळ-तांदूळ घेऊन गेली. त्या पिशव्यांत कुंतानं सुक्या झिंग्यांची पुडी ठेवली आणि ती कोणाची हे कोणी विचारलं नाही.

आता माझं वय झालंय. नवे डिजिटल सेट येणार, असं मी माझ्याच कानांनी ऐकलंय. ते माझ्याहून तिखट असतील, असू देत. मी सुखानं कपाटात जाईन, पाल असली तर बरंच. जाताना माझ्या गुणपत्रिकेचा अभिमान थोडा उतरलाय, हे मात्र कबूल करतो. अकरा दिवस मी बहिरा होतो आणि इतरांच्या बरोबरीनं एका जाग्या माणसाला झोपाळू म्हणत होतो.

तुमच्याकडेही असेल कोणी, हाक मारली तर उत्तर न देणारा. त्याला नावं ठेवायच्या आधी आपला कान एकदा एखाद्या पत्रूकडून तपासून घ्या. थोडी लाज वाटेल. पण पलीकडे कोणीतरी रोज पाच वाजता, तुमचं सगळं बोलणं ऐकत, हजेरी देत बसलेलं असतं.