धागा कापायचा नसतो

दसऱ्याला मी आजोबांची जुनी मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकली. तीही चाळीच्या चौकात, मेन स्टँडवर उभी असताना. एवढाच माझा गुन्हा!

पंधरा दिवसांत गिअर अडकायला लागले आणि माझा आत्तेभाऊ मयूर अख्ख्या लालबागला ऐकू जाईल असा ओरडला, "दुर्गीने वाट लावली! दहावीतल्या पोरीला गिअरला पाय कोणी लावू दिला?" गॅलरीतून सगळे हसले. नाक्यावरच्या रामदास मेकॅनिकने तर खाली न वाकताच सांगून टाकलं, "गिअरबॉक्स गेला. भंगारात द्या."

आजोबांनी खिळ्यावरची चावी काढून खिशात टाकली. गाडी पुसायच्या निमित्ताने ती मलाच मिळायची. त्या क्षणी मी ठरवलं, मयूरला ह्याच चौकात, ह्याच सगळ्यांसमोर रडवायचं.

भंगारवाल्याचा टेम्पो रविवारी येणार होता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी गाडीपाशी बसले. चावी नसली तर नसली. एका हाताने मागचं चाक फिरवायचं, दुसऱ्याने गिअर लिव्हर दाबायचा. पहिला पडला. दुसरा? नाही. क्लचची वायर बघितली, ठीक होती. मग लक्षात आलं की दाबलेला लिव्हर खालीच राहतोय, परत जागेवर येतच नाहीये. तो मी हाताने वर ओढला आणि पुन्हा दाबला. खट्! दुसरा. म्हणजे आतलं सगळं ठणठणीत, अडतंय ते बाहेरच!

मोबाइलचा टॉर्च मारला. लिव्हरच्या मागे, दांड्याला गुंडाळलेला काळाकुट्ट गोळा. क्रोशाची सुई खुपसली तर लाल दोरा निघाला, त्याला झेंडूची एक सुकलेली पाकळी.

दसऱ्याचा हार! त्याचं टोक लिव्हरला मयूरनेच बांधलं होतं. वर आत्या म्हणाली होती, "पूजेचा धागा कापायचा नसतो, आपसूक गळू दे." फुलं गळली. धागा मात्र प्रत्येक गिअरबरोबर आत ओढला गेला.

तो मी तेव्हाच काढू शकले असते. काढला नाही. प्रेक्षक नकोत?

रविवारी मयूर गाडी टेम्पोकडे ढकलायला लागला, तशी मी हँडल धरलं.

"हट ना गं. मेकॅनिक झालीस काय?"

"झाले. स्टँडवर लाव."

चाळ गोळा झाली. मी सुई घातली आणि हळूहळू, अगदी मजा घेत, हातभर धागा बाहेर ओढला. लिव्हर टुणकन वर आला. तेलाचे दोन थेंब सोडून मी आजोबांपुढे हात पसरला. "चावी."

त्यांनी स्वतःच किक मारली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा! मागचं चाक भिरभिरत होतं.

"अगो, चलता मां!" गाडी चालते हे बघून आजोबा गावच्या बोलीत ओरडले. टेम्पोवाल्याला त्यांनी हातानेच जा म्हणून सांगितलं आणि चावी माझ्या तळहातावर ठेवली.

आत्या त्या धाग्याकडे बघत होती. "मयूर, हा तूच बांधलेलास ना रे?"

मयूरचे कान लाल. मी त्याचं मनगट पकडलं आणि तो तेलकट, काळा धागा त्यावर गुंडाळून तीन गाठी मारल्या.

"ए, शर्ट खराब होतोय! उद्या कॉलेज आहे माझं! कात्री दे!"

"कापायचा नसतो," मी म्हटलं. "काय गं आत्या?"

आत्याला मान हलवावीच लागली.

"आपसूक गळेल हां, मयूरदादा."

गॅलरीतून सगळे हसले.