पिवळ्या काठाची रजई

मित्रांनो, मी एक जुनी रजई आहे. पिवळ्या काठाची. आता तो पिवळा रंग फक्त घडीच्या आतल्या बाजूला दिसतो; बाहेरून धुऊन धुऊन तो कोणत्या रंगाचा झाला आहे, ते मलाही सांगता यायचं नाही. माझ्यातला कापूस एका कोपऱ्यात जमा झाला आहे, म्हणजे वयाबरोबर माणसाचं पोट सुटतं तसंच. माझ्यासारखीला कोणी हकिकत विचारत नाही. तुम्ही ऐकायला बसलाच आहात, तर सांगते. गोष्ट आनंदाची नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

ज्यांनी मला घडवलं त्यांना मी बाबा म्हणते. त्यांचं रजयांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे काम करायची खोली आणि तिच्या मागे स्वयंपाकघर. खोलीच्या फरशीवर कापड अंथरायचं, त्यावर बाबा पिंजलेला कापूस सारखा पसरायचे. त्यांच्या भुवयांवर कायम कापूस बसलेला असे, त्यामुळे ते ऐन तिशीतच म्हातारे दिसत. आई खडूने रेघा आखून द्यायची आणि धाकटी टाके घालायची. रजईच्या मधोमध तिचा हात पोचत नसे, म्हणून ती माझ्यावरच मांडी ठोकून बसली आणि तिने मला पुरं केलं. तिने एकटीने शिवलेली पहिली रजई ती मी. ती डावखुरी, त्यामुळे माझे टाके उलट्या बाजूला कललेले आहेत. बाबांनी ते ओढून पाहिले आणि म्हणाले, दिसायला वाकडे आहेत, पण घट्ट आहेत. बाबांच्या तोंडून याहून मोठं कौतुक कधी कोणी ऐकलं नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी धाकटी म्हणते, पण घरचे तिला धाकटा म्हणत. एक थोरली मुलगी, तिच्या पाठीवर हा मुलगा, असाच हिशेब गल्लीत सगळ्यांचा होता. खरं काय ते तिने दात लावून दोरा तोडता तोडता मला हळूच सांगितलं होतं. मी मुलगी आहे, म्हणाली, आणि पुन्हा टाके घालू लागली. आम्हा रजयांना माणसं काहीही सांगतात, कारण आम्ही चहाड्या करत नाही. त्या दिवसापासून मी तिला धाकटीच म्हणत आले.

गावात एका संस्थेचा निवारा होता. ज्याला रात्रीचं छप्पर नाही त्याने तिथे जावं, खाट मिळे, गरम सूप मिळे. वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की संस्थेची माणसं दुकानादुकानांतून फिरत. सुट्ट्यांत लोकांचं मन सैल होतं आणि हातही. बेकरीवाला पाव द्यायचा, कोणी कोळसा द्यायचं, आणि बाबा रजया द्यायचे. देण्याची त्यांची एक रीत होती. निवाऱ्यातल्या फाटलेल्या रजयांचा गठ्ठा आधी दुरुस्तीसाठी घरी यायचा, आणि सुट्ट्यांत त्या दुरुस्त रजया नव्या रजयांबरोबर हातगाडीवरून परत जायच्या. त्यामुळे माझ्यासारख्या रजईला माहेर आणि सासर, दोन्ही होतं.

निवाऱ्यात दोन दालनं होती, एक पुरुषांचं, एक बायकांचं. धुतल्यावर रजयांची सरमिसळ व्हायची आणि भांडणं व्हायची. त्यावर तोड काढली बाबांनी. पुरुषांच्या रजयांना निळा काठ, बायकांच्या रजयांना पिवळा; माझा काठ तेव्हाचाच. काम सोपं झालं. व्यवस्थापक साहेबांनी भरल्या सभेत बाबांना उभं केलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. त्या रात्री जेवताना बाबांनी ती युक्ती आपल्याला कशी सुचली ते आईला सांगितलं, आणि आईने ती पुन्हा पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली.

माझी उमेदीची वर्षं बायकांच्या दालनात गेली. माझ्याखाली एक निवृत्त शिक्षिका झोपायची, ती झोपेतही हजेरी घ्यायची. तान्हं मूल घेऊन आलेली एक मुलगी मला बाळाभोवती गुंडाळायची आणि उरलंसुरलं टोक आपल्यावर ओढायची. त्यांना ऊब मिळाली की मला बरं वाटे. खोटं कशाला बोलू, थोडा गर्वही होता.

एका वर्षी दुरुस्तीसाठी मी माहेरी आले, आणि मी खोलीतच असताना धाकटीने बाबांना सांगितलं, मी मुलगी आहे. ती आता मोठी झाली होती, केस वाढवले होते, आवाज जपून वापरत होती. बाबा कापूस पसरत होते. त्यांनी हात थांबवला नाही. त्यांचा हात कधी कोणावर उठला नव्हता, त्या दिवशीही उठला नाही. थोरलीच्या सासरी काय सांगू, असं त्यांनी विचारलं. गिऱ्हाईक काय म्हणेल, असं विचारलं.

"या घरात राहायचं तर नीट राहा," बाबा शेवटी म्हणाले, "नाहीतर दार उघडं आहे."

आई स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभी होती. धाकटीने हातातली सुई कापडात नीट खोचून ठेवली, कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून, आणि ती गेली. थोड्या दिवसांनी हातगाडी भरली आणि मी निवाऱ्यात परत आले.

त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी मी धुऊन, वाळून निवाऱ्याच्या दाराजवळच्या टेबलावर घडी होऊन पडले होते. धाकटी आत आली. अंगावर पातळ सदरा, त्यावर कोणाची तरी जुनी ओढणी. तिची नजर माझ्यावर पडली आणि तिने माझ्या टाक्यांवरून हात फिरवला. ओळख पटली. तिने मला उचलून छातीशी धरलं. मित्रांनो, तेवढा वेळ मला वाटलं की आता सगळं नीट होणार.

व्यवस्थापक साहेब वाईट माणूस दिसत नव्हते. ते ओरडले नाहीत. त्यांनी तिला वरून खाली पाहिलं, मला तिच्या हातांतून हळूच काढून घेतलं आणि एक निळ्या काठाची रजई पुढे केली. तुझी जागा त्या बाजूला, म्हणाले.

"तिकडे मी नाही झोपू शकत," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या गावी एकदा झोपले होते. पुन्हा नको."

आतून ती शिक्षिका म्हणाली, येऊ द्या की, दोन खाटा मोकळ्या आहेत. साहेबांनी नियम सांगितला. मग धाकटीने मागणी आणखी लहान केली. ही रजई तेवढी द्या, मी बाहेर पायरीवर झोपते. त्यावर साहेब म्हणाले की पिवळ्या काठाची रजई बाहेर जात नाही आणि बायकांशिवाय कोणाला मिळत नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती निघाली. कपडे धुणाऱ्या मावशी कोपऱ्यात ओल्या हातांनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. त्या रात्री मी कोणाच्या अंगावर होते ते मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी दुरुस्तीचा गठ्ठा घेऊन त्याच मावशी आमच्या दुकानात आल्या. त्या वर्षी नव्या रजया आधीच तयार होत्या, दारातल्या हातगाडीवर चढवल्याही होत्या. मावशींना राहवलं नाही. तुमचं धाकटं आमच्या दारातून परत गेलं, असं त्यांनी बाबांना सांगितलं. बस थांब्यावर झोपली, छातीत कफ झाला, सरकारी दवाखान्यात महिनाभर पडून होती, आता एका खानावळीत भांडी घासते. खोकला अजून गेलेला नाही. ही रजई मागत होती, असं म्हणून त्यांनी मला गठ्ठ्यातून वर काढलं.

बाबा बाहेर गेले आणि त्यांनी हातगाडीवरच्या रजया एकेक करून आत आणल्या. एकही रजई आता त्या दारात जाणार नाही, असं म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आईने मला मांडीवर घेतलं होतं.

"त्यांनी दाराबाहेर ठेवलं, म्हणून तुम्हाला राग आला," ती म्हणाली. "आपल्या दारातून ती आधी कशी गेली, त्याचं काय?"

बाबांनी पुढची रजई उचलली. ते रजया रचत राहिले.

दोन दिवसांनी साहेब स्वतः आले. आमच्या निवाऱ्याचे तुम्ही आधारस्तंभ वगैरे बोलून झालं. मग म्हणाले, तुमचं दुःख समजतं, पण दोन दालनांची शिस्त मोडली तर उद्या कोणीही काहीही सांगेल. बाबांनी त्यांना स्पष्ट शब्दांत सुनावलं. जिथे माझ्या पोराला जागा नाही तिथे माझी रजई नाही. साहेब उठले, आणि दारातून वळून म्हणाले, "काठांची युक्ती तुमचीच होती ना? आम्ही फक्त पाळली."

बाबांनी पुढ्यातली पिवळ्या काठाची पट्टी गुंडाळली आणि फळीवर मागे सारली.

बातमी गल्लीभर झाली. बेकरीवाल्याने पाव बंद केले. बाणेदार माणूस, असं लोक बाबांना म्हणू लागले. आठवडाभर ते नाव टिकलं. मग एका कारखान्याने संस्थेला गाडीभर पांघरुणं दिली, पातळ, पण गाडीभर. पुन्हा सभा, पुन्हा टाळ्या, फोटोत नवीन माणूस. त्या पांघरुणांनाही साहेबांनी निळ्या-पिवळ्या चिंध्या शिवून घेतल्या. नियमाचं टोकही हललं नाही. मावशी सांगत होत्या, म्हाताऱ्या बायका दोन-दोन पांघरुणं मागतात, मिळत नाहीत; साहेबांच्या खोलीत हीटर आहे. आमच्या रजया थांबल्याने थंडी कोणाला वाजली, ते तुम्हीच पाहा. तरी बाबांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. त्या दारात जायला मीही तयार नव्हते.

एका दुपारी बाबांनी मला खांद्यावर टाकलं आणि ते खानावळीच्या मागच्या दाराशी गेले. धाकटी नळाखाली भांडी घासत होती. केस मागे बांधलेले, हात कोपरापर्यंत ओले. बाबा बोलू लागले. हातगाडी कशी रिकामी केली, साहेबांना काय सुनावलं, बेकरीवाला आपल्या मागोमाग कसा आला, सगळं सविस्तर सांगितलं. ती एकच ताट पुसत ऐकत राहिली.

"मावशींकडून कळलं मला," ती म्हणाली. "चांगलं केलंत, बाबा. पण आज मला घरी ये म्हणायला आलात का, तेवढं सांगा."

मी त्यांच्या खांद्यावर होते, त्यामुळे त्यांनी घेतलेला श्वास मला कळला. शब्द ओठांपर्यंत आला होता, मित्रांनो. एवढ्यात रस्त्यावरून आमचं एक जुनं गिऱ्हाईक चाललं होतं. त्याने बाबांना हात केला आणि बाबांनीही हात केला. मग तो श्वास नुसताच बाहेर आला.

"थोरलीकडचे या महिन्यात येणार आहेत," बाबा म्हणाले. "मग बघू. थंडी फार आहे. ही तुझीच आहे, ठेव."

तिने हात पुसले आणि मला घेतलं. उलगडून पाहिलं, उसवलेल्या जागी बोट लावलं. नंतर कोपऱ्याला कोपरा जुळवून माझी नीट घडी घातली आणि मला परत बाबांच्या खांद्यावर ठेवलं. पांघरूण मी विकत घेईन, एवढंच म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. तोंडावर ओढणी धरून ती आत गेली.

घरी आईने बाबांच्या खांद्यावर मला पाहिलं. त्या दिवशी तिने बाबांचं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः न जेवता झोपली. पुढे महिना-दीड महिन्याने ती एकटीच खानावळीत जाऊन आली. तोवर धाकटी काम सोडून गेली होती. कुठे गेली ते मालकाला ठाऊक नव्हतं, मावशींनाही नव्हतं. थोरलीकडचे लोक आले, दोन दिवस राहिले, गेले. त्यांनी धाकट्याची चौकशीसुद्धा केली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला ऊन दाखवा, कसरीपासून जपा, असं. मला आता स्वतःसाठी काही नको. तुमच्या घरातून कोणी असं गेलं असेल, तर त्याच्यासाठी जगाशी भांडा, जरूर भांडा, ज्यांनी त्याला दारातून परत पाठवलं त्यांचं देणं बंद करा. पण त्याआधी त्याच्याकडे जा आणि घरी ये म्हणा. रस्त्यावरून कोणीही जात असो. तो शब्द तेव्हाच म्हणावा लागतो. मागाहून बाबांनी तो पुष्कळदा म्हटला आहे, या खोलीत, एकटे असताना, मी ऐकला आहे.

बाबांना आता सुईत दोरा ओवता येत नाही. दुकान बंद झालं. तरी रोज संध्याकाळी ते मला झटकतात, भिंतीकडच्या धाकटीच्या खाटेवर पसरतात आणि सकाळी घडी घालतात. माझ्याखाली कोणी झोपत नाही.