आबांचे छर्रे

समीक्षाचं पिस्तूल हवेवर चालायचं. बारूद नाही, धूर नाही. तुरीच्या दाण्याएवढा शिशाचा छर्रा आत सारायचा आणि दहा मीटरवरच्या कागदी निशाणावर सोडायचा. यवतमाळच्या संगीता मॅडमनी ते सरावासाठी महिनाभर घरी दिलं होतं. जिल्ह्याच्या निवडीला नऊ दिवस उरले आणि छर्रे संपत आले. नागपूरहून निघालेलं पार्सल वाटेत कुठे बसलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. बंद डबीतले सत्तर छर्रे समीक्षाने निवडीसाठी जपून ठेवले आणि सराव थांबवला.

"थांबवते कायले?" तिचे आजोबा वामनराव म्हणाले. "मी देतो बनवून."

विमलताईंनी कपाळावर हात मारला, पण मनातल्या मनात. नवऱ्याला त्या चाळीस वर्षं ओळखत होत्या. पाण्याची मोटर असो की शिवणयंत्र, दुकानातून आलेली वस्तू आपल्याला घरी करता येत नाही हे वामनरावांना कधी पटलंच नव्हतं. त्यांनी निशाणामागच्या पेटीतलं चेपलेलं शिसं गोळा केलं, वितळवलं, नव्या छर्ऱ्यावरून साचा पाडला आणि दोन दिवसांत वाटीभर छर्रे पोरीपुढे ठेवले. घासून घासून असे चकचकीत केलेले, की दुकानातला कोणता आणि घरचा कोणता, कळू नये.

कळायचं ते उडवल्यावर. दहातले सात बरे जात. दोघे चार बोटं खाली पडत, आणि एखादा नळीतच अडकून बसे. मग समीक्षा सळईने त्याला बाहेर ढकलायची.

"कसे चालून राह्यले?" वामनराव रोज संध्याकाळी विचारत.

"मस्त, आबा. माहाच हात हलते."

विमलताई भाकरी थापता थापता ऐकत. पोरीचा हात हलत नव्हता. पण आबांचा चेहरा पाहून तिला खरं बोलवत नव्हतं, आणि विमलताईंनाही.

निवडीच्या दिवशी तिघं यवतमाळच्या पहाटेच्या एसटीत बसले. विमलताईंचा चातुर्मासाचा नेम होता: उठल्यापासून दुपारचं जेवण होईपर्यंत मौन. खुणेने तिकीट, खुणेने खिडकी. समीक्षा पुढच्या सीटवर डोकं टेकून झोपली. वामनराव बायकोच्या कानाशी वाकले.

"तुले एक सांगतो. पोरीची डबी पाह्यली काल. पाऊणच भरली होती. लेकीबाळीले अर्धं भांडं देऊन घराबाहेर धाडतेत काय कोणी? माहे तीस टाकले त्याच्यात. आता काठोकाठ हाये."

घरातली रीत खरी होती. माहेरी निघालेल्या सुनेचा पिठाचा डबासुद्धा त्यांनी कधी अपुरा जाऊ दिला नव्हता. पण हे पीठ नव्हतं. साठ नेमांच्या स्पर्धेत वीस-पंचवीस छर्रे घरचे निघाले, तर पोरगी गेलीच.

"गप्प हायेस म्हणजे पटलं," वामनराव समाधानाने म्हणाले आणि शेंगदाणे सोलू लागले.

तोंड उघडलं तर व्रत मोडेल, हे एक. पण उघडलेल्या तोंडाने बोलायचं काय, हे त्याहून अवघड. कळंब आलं तेव्हा विमलताईंनी बसमधूनच तिथल्या चिंतामणी गणपतीला हात जोडले आणि एवढंच मागितलं: देवा, काहीतरी सुचव, आणि कुणाचं मन न दुखवता सुचव.

स्पर्धेच्या हॉलच्या ओसरीवर समीक्षा डबी काढू लागली, तेव्हा विमलताईंनी ती तिच्या हातातून घेतली. शिदोरीच्या डब्याचं ताट पुसलं, छर्रे त्यात ओतले आणि ताट तिरपं धरून हळूहळू हलवू लागल्या. पेरणीआधी सोयाबीनचं बियाणं असंच निवडतात. चांगला दाणा घरंगळतो, फुटका-चपटा जागीच बसतो. इथेही काही छर्रे एका वळणाने सुरकन खाली आले. काही दोन पावलं चालून अडखळले.

समीक्षा अडखळलेल्यांकडे पाहत राहिली. तिला समजलं.

"हे काय करून राह्यली वो तू?" वामनराव म्हणाले. ताट हलतच राहिलं. त्यांनी नातीकडे पाहिलं. "हिचं मौन व्रताचं हाये. तुह्यं कायचं हाये?"

समीक्षा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. "दहातले तीन दगा देतेत, आबा."

"अन् हात हलते म्हणे ते?"

"नाही हलत."

वामनराव धोतर सावरून खाली बसले, विमलताईंच्या हातून ताट घेतलं आणि चष्मा वर सरकवला. अडखळलेले तर त्यांनी बाजूला केलेच. पण घरंगळून आलेल्यांतल्याही एकेकाच्या कडेवरून नख फिरवलं. ज्याच्यावर नखाला साच्याची बारीकशी धार लागली, तो उचलला. असे चार निघाले.

"हे चार घसरून गेलते," ते म्हणाले. "चांगले केले होते मी हे."

"हो आबा. हे खरंच चांगले झालते."

"तरी माहेच हायेत. राहू दे बाजूले."

बाकीची पोरं अंदाज घ्यायला वीस-वीस छर्रे उडवत होती. समीक्षाने सहाच उडवले, डोळे मिटून श्वास सोडला आणि स्पर्धेला उभी राहिली. पाऊण तासाहून जास्त वेळ विमलताईंचे ओठ आतल्या आत नाम घेत होते. छर्रा एकदाही अडकला नाही. दोन नेम वाईट गेले. ते मात्र खरोखर हात हलल्याचे होते.

यादी लागली. वरच्या दोघींना पुढे जायचं होतं आणि समीक्षा दुसरी होती, तिसरीपेक्षा एका गुणाने वर.

विमलताई ओसरीवर आल्या, तर वामनराव वणीकडच्या एका बापाला गाठून उभे होते. त्या माणसाची पोरगी यंदा पहिल्यांदाच खेळायला आली होती.

"छर्रे दुकानातलेच घ्या, भाऊ," वामनराव त्याला समजावत होते. "घरी वतलेल्यांचा भरोसा नाही. एक जाते, एक पडते, एक आतच बसते."

"तुमाले कसं माईत?"

"मीच केलते ना." ते जरा थांबले. "दिसाले मात्र लय सुंदर होते."