डॅशबोर्डखालचा रंग

"वरच्या रंगाशी काय बोलत बसलास रं? त्याच्या खाली कोण झोपलंय, त्याला उठव!"

कासीमउस्तादांचा हा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा, तंबाखूनं जाड झालेला. उस्ताद गेले, त्यांचं गॅरेज गेलं, आवाज तेवढा हारूनच्या कानात राहिला. अडुसष्ट वर्षांचा हारून आता सीट काढलेल्या फियाटमध्ये डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. गुडघे कुरकुरत होते, पाठीखालचा पत्रा तापला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला उठायचाच कंटाळा आला होता.

गाडी मंद्रूपच्या वीरभद्रप्पांची, अठ्ठावन्न सालची. वीस वर्षं गोठ्याशेजारी कडब्याखाली निजलेली. त्यांची लेक सुकन्या सोलापुरात शिक्षिका. तिनं ती टेम्पोत घालून विजापूर वेशीजवळच्या या गॅरेजात आणली. "चाचा, नवी दिसू दे म्हणत नाही. पहिल्या दिवशी होती तशी दिसू दे," एवढंच तिचं मागणं. अप्पांची आठवण हळूहळू सुटत चालली होती. गाडी दाखवली की ते मान हलवायचे, "इदु नंदल्ल." ही माझी नव्हं. तीनदा रंगवलेली गाडी ते ओळखणार तरी कशी? पहिला रंग सापडला तर ओळखतील, या एका आशेवर ती शाळा सुटली की रोज गॅरेजात डोकावायची. जुने फोटो होते, पण काळे-पांढरे.

हारूननं दारावर रुपयाएवढी जागा पाणी लावून, पॉलिशपेपरनं घासत घासत खाली नेली होती. वर पांढरा, पांढऱ्याखाली चॉकलेटी, चॉकलेटीखाली पिवळा, आणि पिवळ्याखाली एकदम उघडा पत्रा. विहिरीत वाकून पाहावं तशी रंगांची एकात एक कडी दिसत होती, पण तळाला पाणीच नाही. कुणीतरी पूर्वी पहिला रंग खरवडून काढला होता. राहिला असेल तर जिथं कुणाचा हात पोचत नाही तिथंच, डॅशबोर्डखाली.

त्या रंगांची नावं मात्र त्यानं सांगितलेली नव्हती, त्याच्या बायकोनं, रशीदानं सांगितली होती. साखरेनं हारूनच्या डोळ्यामागचा पडदा खाल्ला होता. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येत नाही. रंग एकमेकांत मिसळायला लागले, निळ्या-हिरव्याचा तर मेळच बसेना. घर आणि गॅरेज एका भिंतीला. रशीदानं तीस वर्षं सूत रंगवायच्या कारखान्यात काढलेली, तिची नजर अजून धारदार. गिऱ्हाईक बसलेलं असलं की ती चहा घेऊन यायची आणि सहज बोलल्यासारखं करायची, "अजी, ये तर धुतलेल्या मेथीसारखं झालं की." गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा-म्हातारीची गंमत. हारून ती खूण ओळखून मुकाट डब्यात दोन थेंब वाढवायचा. दोन वर्षं असं चाललं होतं आणि गावात नाव त्याचं होत होतं.

या आठवड्यात रशीदा मोहोळला गेली होती, भाचीच्या बाळंतपणाला. फोन करून बोलावता आलं असतं. थांबता आलं असतं. पण हारूनला वाटलं, एक रंग तरी आपला असू दे. डॅशबोर्डखाली हातभर जागेत जे दिसलं ते त्यानं मनाशी धरलं, डबा कालवला आणि ड्रायव्हरकडचं दार रंगवून टाकलं.

संध्याकाळी सुकन्या आली. मोबाइलचा उजेड पाडून ती डॅशबोर्डखाली वाकली.

"चाचा, मला हा खालचा निळसर वाटतो. दार पिस्त्यासारखं झालंय."

"जुना रंग फसवतो, बेटा. पन्नास वर्षं हेच केलंय मी."

"मी मराठी शिकवते चाचा, मला काय कळतंय त्यातलं," ती ओशाळून हसली.

रविवारी सकाळी ती अप्पांना घेऊन आली. रशीदा तासाभरापूर्वीच मोहोळहून परतली होती, पिशव्या अजून दारातच होत्या. अप्पांनी काठी टेकत गाडीला एक चक्कर मारली. बॉनेटवरून हात फिरवला, दाराशी थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"इदु नंदल्ल."

"अप्पा, नीट बघा की. रंग तर तोच आहे. चाचांनी शोधून काढलाय."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "तसं असंल बाई. तुमी समदी म्हणताय म्हणजे असंल. माझंच डोस्कं फिरलंय."

सुकन्यानं तोंड फिरवलं. हारूननं रशीदाकडं बघितलं. चहाचा ट्रे खाली ठेवून तिनं दार पाहिलं, वाकून डॅशबोर्डखाली पाहिलं, आणि पदराला हात पुसत उभी राहिली. तो वाट बघत होता. मेथी म्हणेल, केळीचं पान म्हणेल, काहीतरी म्हणेल. चारचौघांत नवऱ्याची मान खाली जाईल असं ती कधी बोललीच नव्हती.

"चहा गार व्हायलाय," ती म्हणाली.

हारूनला कळलं, रंग चुकलाय. कानशिलं तापली, मग तेही ओसरलं, आणि उरला नुसता शीण, दोन वर्षं एकच गोष्ट पाठीवर वाहिल्याचा. बोळ्याला हात पुसत तो अप्पांसमोर आला.

"अप्पा, तुमचं डोस्कं ठीक हाय. गाडी तुमचीच, दाराचा रंग खोटा हाय. सुकन्या, तुला निळा दिसला, तो निळाच. मला दिसत न्हाय, बेटा. दोन वर्षं झाली. हितनं गेलेला एकेक रंग हिनं बघितलाय, मी नुसता हात मारलाय."