खळ्यावरची रेंज

पहिली काठी खांद्यावर बसली तेव्हा टॅबच्या पडद्यावरून शहापूरच्या डॉक्टरबाई मला विचारत होत्या, "ललिता सिस्टर, रक्त किती जातंय?"

"बरंच," मी म्हटलं आणि टॅब छातीशी घेतला.

काठी जाणूची होती, खळंही त्याचंच. मधोमध झोडलेल्या भाताची रास होती. रास उचलेपर्यंत खळ्यावर चप्पल चालत नाही, विटाळ चालत नाही. आणि आमचं नशीब असं, की अख्ख्या वाडीत फोनला रेंज मिळते ती इथेच. एरवी जाणू कुणाला अडवत नाही, तेवढं कबूल करते. पण आठव्या महिन्यातली ठमी सुगी संपायची वाट बघणार होती का? तिच्या नवऱ्याने, लखमाने, तिला झोळीतून आणून कडेला ठेवलं होतं. सारवलेल्या जमिनीवर तिचं रक्त पसरत होतं.

"उठीव तिला. रास बाटली माझी," जाणू म्हणाला.

"डॉक्टरांना बघू दे, मग उठवते."

"तुझी डाक्टर आमाला वरीसभर खायला घालनार हाय काय?"

दुसरा फटका लखमाच्या डोक्यात बसला आणि तो गुडघ्यांवर आला. तिसरा टॅबवर येत होता. मी हात आडवा घातला, मनगटात काडकन आवाज झाला. मग माझं टाळकंच सरकलं. सरकारी नोकरी, अंगावरचा युनिफॉर्म, सगळं विसरून मी त्याच्या दंडाला चावले, तोंडात रक्त येईपर्यंत. मला त्याची लाज वाटत नाही. टॅब फुटला असता तर ठमी तिथेच संपली असती.

लखमाने जाणूला कमरेला धरून आडवा पाडला. बाईंनी सांगितलं तसं मी ठमीला डाव्या कुशीवर वळवलं, दात आवळून सलाईन लावलं. गाडी तिकडून त्यांनीच धाडली, रक्ताची पिशवीही तयार ठेवली.

ठमी वाचली. पोर गेलं. मुलगी होती.

नंतर गावात बैठक झाली. तिथे मलाच ऐकवलं, सिस्टरने सुगीपुरतं थांबायचं. जसं काही आजार मला विचारून येतात. जाणूने खळ्याला काट्यांचं कुंपण घातलं.

प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मी पुन्हा वाडीत गेले, तर पोटुशी रंगू तोंड-पाय सुजून पडलेली. डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणाली. खळ्यावर दुसऱ्या झोडणीची रास लागली होती. झटके यायच्या आत तिला डॉक्टरबाईंना दाखवायला हवं होतं, पण फोन कुठून लावायचा?

रंगूच्या उशाशी बसलेली ठमी उठली. तिने रंगूचा हात धरला आणि सरळ खळ्याकडे निघाली. कुंपणाच्या काट्या तिने हातानेच ओढून काढल्या. जाणू काठी घेऊन धावत आला.

ठमी त्याच्यासमोर उभी राहिली. तिची चोळी दुधाने भिजली होती.

"हान," ती म्हणाली. "पन पयलं हिला दाखवून होऊ दे."

मी टॅब चालू केला.