नमुन्याची फणी

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी फणी आहे आणि अगदी भित्री आहे. करवतीचा नुसता आवाज आला तरी माझ्या दात्यांत कापरं भरतं.

माझा जन्म कासार आंबोलीत, फण्या करणाऱ्या भिवाजीच्या ओसरीवर झाला. त्या घरची एक रीत होती. सगळ्यांत साधलेली फणी विकायची नाही. ती नमुना म्हणून ठेवायची आणि पुढची प्रत्येक फणी तिला लावून पाहायची. ती मी. माझे दाते मुळाशी किंचित जाड आहेत, म्हणून तुटत नाहीत. हे कसब एकट्या भिवाजीचं. नवरीला कुंकवाच्या करंड्यासोबत फणी देतात, त्यासाठी पुण्याचे व्यापारी हैबतराव त्याचाच माल उचलत.

एकोणीसशे चोपन्न साली हैबतराव स्वतः पौडच्या मोटारीनं आले. भिवाजीचं तोंडभर कौतुक केलं आणि नमुना मागितला. त्याची बायको रंभाबाई आतून म्हणाली, "माल द्या हवा तेवढा. नमुना नगा देऊ."

"शेट का परकं हायेत?" भिवाजी म्हणाला. मला देऊन तो थांबला नाही, दात्यांचं मर्मही त्यानं हौसेनं उलगडून सांगितलं.

मग हैबतरावांनी मला खोक्यात घालून बोटीनं जपानला धाडलं. किती दिवस काळोखात हेलकावे खाल्ले, देव जाणे. तिथल्या कारखान्यात लोखंडी पट्ट्यांनी मला मोजलं. आता चिरतात की काय, म्हणून मी जीव मुठीत धरून होते. पण मला कोणी धक्का लावला नाही. यंत्रातून मात्र प्लास्टिकच्या गुलाबी फण्या पडू लागल्या, कढईतून भजी निघावीत तशा. प्रत्येकीला माझेच दाते. तेव्हा मला भिवाजीच्या पोटापाण्याची भीती वाटली.

मी परतले तेव्हा हैबतरावांच्या दुकानात त्या फण्यांची खोकी रचलेली होती. भिवाजी गाठोडं घेऊन आला. बोटीचं भाडं धरूनही या निम्म्या भावात पडतात, यापुढे तुझा माल नको, असं शेटजींनी त्याला समजावलं. भिवाजीनं एक गुलाबी फणी उचलून अंगठा फिरवला.

"ह्ये दातं माझं हायेत," तो म्हणाला.

हैबतरावांनी मला त्याच्या हातावर ठेवलं आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

भिवाजी डोंगरात कोळशाच्या भट्टीवर लाकडं तोडायला जाऊ लागला. चार वर्षांनी त्याच्या सखूचं लग्न ठरलं. लेकीला आपल्याच हातची फणी द्यायची, असा त्यानं हट्ट धरला. एका सकाळी मला शेजारी ठेवून तो करवत घेऊन बसला.

पहिला दाता तुटला. त्यानं दुसरी फळी घेतली, तीही गेली. रंभाबाई पीठ मळायचं सोडून दारात उभी राहिली. कुऱ्हाडीनं आखडलेली त्याची बोटं करवतीवर नीट वळत नव्हती. तिसरी फळीही तडकली तेव्हा त्यानं करवत खाली ठेवली.

"हात इसरलं," तो म्हणाला.

सखूसोबत सासरी गुलाबी फणी गेली.

मित्रांनो, मला आजही मऊ फडक्यात गुंडाळून ठेवतात. माझा एकही दाता पडलेला नाही, आणि नमुना आहे म्हणजे कसबही आहे असं कोणी समजेल, याचीच मला धास्ती वाटते. मला सगळ्यांनी जपलं, मला घडवणारा हात कोणी जपला नाही. तुमच्या गावात असा हात असेल तर त्याला आजच काम द्या. हात विसरायला चार वर्षं पुरतात.