डावीकडे कललेले लॉर्ड ट्रेवेनिक

शनिवारच्या साप्ताहिकात आपलं व्यंगचित्र येणं हा लंडनमध्ये मोठा मान. ज्याचं आलं नाही तो लॉर्ड असला काय नि नसला काय. आणि एकदा आलं की रिवाज असा, की हसायचं, चित्राला चौकट करायची आणि जिन्यापाशी सगळ्यांना दिसेल असं टांगायचं. जो रागावला तो संपलाच म्हणा.

लॉर्ड ट्रेवेनिक हसले, पण तोंडदेखलं. नाक हातभर काढलं होतं, त्याचं काही नाही, नाक बापजाद्यांचं. पण त्या चित्रकाराने त्यांना डाव्या अंगाला असं कलतं काढलं होतं, की आता पडतात की मग. त्या दिवसापासून लॉर्डांच्या सभागृहात जो तो मान डावीकडे टाकूनच त्यांना भेटू लागला.

"काय ट्रेवेनिक, वारा कुठला आज?" एका म्हाताऱ्या ड्यूकने विचारलं.

बिचाऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी त्यांना गळक्या जहाजांवर बंदी घालणारा कायदा मांडायचा होता. दर हिवाळ्यात त्या जहाजांवरचे खलाशी बुडून मरत, आणि हे बोलायला उठले की सभागृह खिदळणार. कायदा हसण्यावारी जायचा. आपल्याऐवजी दुसऱ्या कुणी बोलावं, अशी चिठ्ठी ते लिहायला बसले.

तेवढ्यात लेडी हेनरिएटा, त्यांच्या पत्नी, खणात दडवलेलं ते चित्र घेऊन आल्या.

"अहो, हे माझ्यापासून का लपवलंत?"

ते उठून पत्नीच्या उजव्या बाजूला गेले आणि वाकून म्हणाले, "मी खरंच असा वाकडा आहे का गं?"

"बघा, आत्तासुद्धा वाकलात. माझा डावा कान गेला त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून मला तुमच्या डाव्या हाताला घेऊन चालता. चर्चमध्ये, मेजवानीत, कोण काय बोललं ते वाकून या उजव्या कानात सांगता. मला कधी बहिरी वाटूच दिलं नाहीत." हेनरिएटांनी चित्रावर बोट ठेवलं. "मेल्या चित्रकाराने बरोबर हेरलंय."

हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी फाडली.

सोमवारी ते उठले, आणि बाकंच्या बाकं डावीकडे कलली. हसू ओसरेपर्यंत ते थांबले.

"सभासदहो, ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी वाकूनच बोलावं लागतं. मला सव्वीस वर्षांची सवय आहे. खलाशांच्या बायका इतकी वर्षं आक्रोश करताहेत, तो तुम्हाला ऐकू गेलेला नाही. म्हणून आज तुमच्यापाशीही वाकतो."

एकेक मान सरळ होत गेली.